दोन बोटं

फ्लास्कवर नाव नसतं. आकडा असतो, तारीख असते
आणि माझ्या बारीक अक्षरात : जीभ, डावी कड.
जीभ ज्याची होती तो गेला असावा.
त्याच्या पेशींना कुणी कळवलं नाही.
दर तिसऱ्या दिवशी त्या दाटीने भरतात,
मी त्यांना तळापासून सोडवते, धुते,
नव्या घरात घालते, गुलाबी पाणी पाजते,
सदतीस अंशांवर दार लावून घेते.

बाळाराम मामा म्हणतो, तुझी ही इमारत आहे ना,
तिथे आमचं खळं होतं. खारघर नंतर झालं.

कोकमाच्या सालीतून काढलेला रेणू
कुपीत येतो, मिठाच्या दोन खड्यांएवढा. पिवळा.
इतक्या लाल सालीच्या पोटात पिवळं असतं
हे आईलाही ठाऊक नव्हतं,
चाळीस उन्हाळे आमसुलं वाळवून.

शून्य, पाच, दहा, वीस.
शून्यालाही थेंब द्यावा लागतो, नुसत्या द्रावकाचा,
म्हणजे उद्या कुणी म्हणू नये
की शून्याला तुम्ही विचारलंच नाही.

चोवीस तास.

मग पेशी फोडायच्या आणि आतली कुजबुज गोळा करायची,
कुठलं जनुक किती बोलत होतं.
मशीन अंधारात फेऱ्या मोजतं :
मोठ्याने बोलणारं अठराव्या फेरीला उजळतं,
पुटपुटणारं तिसाव्या.
प्रत्येकाला तोलायला घरकामाचं एक जनुक लागतं,
काहीही झालं तरी तेवढंच बोलणारं.
केर, पाणी, चूल.
ते हललं तर सगळा हिशोब खोटा.
(मामाकडे मामी.)

आम्ही शोधत होतो ते खुणेचं जनुक.
त्याची खूण पेशी अंगावर मिरवते,
पहारेकरी आला की दाखवते :
घरचीच आहे, जाऊ दे.
कोकमाने ती खूण फिकी पडली, निम्म्याहून कमी.
मॅडमनी आलेख दोनदा काढायला लावला.

पण माझ्या डोक्यातून एक गोष्ट जात नाही.
फ्लास्कमध्ये पहारेकरी नाहीच.
रक्त नाही, ताप नाही, कुणी येणार नाही
आणि तरी इतकी वर्षं
रिकाम्या नाक्यावर ओळखपत्र धरून
त्या उभ्या आहेत.

तोंडात उभी तीन बोटं मावायला हवीत, डॉक्टर म्हणाले.
मामाची दोन मावली.
चुना मळणारी तीच दोन, टोकाला भाजल्यासारखी.

बेलपाड्याला मामीने सार केलं होतं, कोकमाचं, नारळाचं दूध घालून.
एक घोट घेऊन त्याने वाटी सरकवली.
झोंबतं.
इकडे नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतंय :
रोज उपाशीपोटी कोकम, गाठ आपोआप विरघळते.
खाली कुणीतरी : आपली हर्षाली तिथेच कामाला आहे, तिला विचारा.
मी लिहिते, पुसते, परत लिहिते.
ताटलीतलं ताटलीत, एवढं तरी.
अठ्ठेचाळीस तासांनी खूण परत आली होती.
तीनपैकी एकदाच. पण आली होती.
ते कुठल्या शब्दांत लिहू, आणि खाली हात जोडलेलं चित्र टाकू का?
शेवटी काहीच पाठवलं नाही.
त्यांनी त्याचा अर्थ हो असा घेतला.

मामाचे शब्द आता फटीतून येतात, सपाट होऊन.
"जीब व्हती तो मानूस हाय का?"
नाही मामा.
"न् त्याचा रोग हाय."
आहे.
"त्याला तू जेवान घालतेस."
मी म्हटलं, शिकण्यासाठी.
तो बराच वेळ माझ्या हातांकडे बघत होता.
"घाल," म्हणाला. "उपाशी नको ठेवू."

सोमवारी चौथ्यांदा लावायचं आहे.
ऍप्रनच्या बाहीवर लाल डाग पडलाय, प्रयोगाचा नाही, डब्याचा.
संध्याकाळी बेसिनपाशी हात धुतले,
दार बंद आहे ना पाहिलं,
आणि आरशासमोर तोंड उघडलं.

तीन.

मग पुन्हा हात धुतले.